शिकाऊ हात व मोटारीचा विमा

कन्येस अठरा वर्षें पुरीं झालीं, तिनें शिकाऊ परवाना काढला, व घरच्याच मोटारीवर हात बसवावयाचा असें ठरविलें. तेव्हां माझ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहिला तो विम्याचा. नवशिकी मुलगी चाकाशीं बसणार म्हटल्यावर विमा कंपनी हप्ता वाढवील कीं काय?

ही शंका येण्यास कारण माझे धाकटे बंधु. ते सहकुटुंब इंग्लंडांत असतात. तिकडे सतरा वर्षें पुरीं झालीं कीं मोटार शिकतां येते. पण गाडी कोण कोण चालविणार हें विमा कंपनीस आधीं कळवावें लागतें. आईबापांच्या विमापत्रांत शिकाऊ मुलाचें नांव घातलें कीं हप्ता बहुधा वाढतो, कारण तरुण व नवखा चालक म्हणजे अधिक धोका असा तेथील हिशेब. शिवाय त्याच्या हातून अपघात झाल्यास बापानें अनेक वर्षें मिळविलेली सवलत धोक्यांत येते. म्हणून पुष्कळ कुटुंबें शिकण्याच्या काळापुरता मुलाच्या नांवें निराळाच विमा उतरवितात. कांहीं जण मात्र गाडी मुख्यत्वें मुलगाच चालवीत असतां स्वतःस मुख्य चालक म्हणवून पैसे वांचवितात. ही तिकडे फसवणूक गणली जाते, व ऐन अपघाताच्या वेळीं विमा निरुपयोगी ठरण्याची पाळी येते.

आपल्या देशांत रीत वेगळी. येथें विमा गाडीचा; चालविणाराचें वय सामान्यतः कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्यास होणाऱ्या इजेबद्दलचा विमा १९४६ सालापासून सक्तीचा आहे, व खाजगी मोटारीस त्याचा दर एंजिनाच्या आकारमानावर ठरतो. १,००० ते १,५०० सी. सी. च्या मोटारीस २०२२ सालीं तो ३,४१६ रुपये ठरविण्यांत आला. तात्पर्य, कन्येमुळें आमचा हप्ता एका पैशानेंही वाढला नाहीं.

मी सुखावलों खरा. परंतु विमापत्र वाचतां खर्च दुसरीकडे दडून बसलेला दिसला. पांच वर्षें नुकसानभरपाई मागितली नाहीं म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत निम्मी सूट मिळते. एकदां मागणी केली कीं ती सूट शून्यावर येते, आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनीं पुन्हां ५० टक्क्यांपर्यंत चढावें लागतें. मूळ हप्ता १०,००० रुपये धरला, तर या चढणींत एकंदर १२,५०० रुपये अधिक जातात. (आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित अवश्य करून पाहावें.) फाटकाच्या खांबास घासून पडलेला चार हजारांचा पोचा खिशांतून दुरुस्त करणें स्वस्त, हें यावरून उघड आहे. सूट राखून ठेवण्याची सोय अधिक पैसे भरून मिळते. ती मीं घेतली.

याहून मोठी गोष्ट अटींची. शिकाऊ परवानाधारकास गाडी चालविण्याची मुभा विमापत्रांत स्पष्ट आहे, पण १९८९ च्या नियमांतील तिसरा नियम पाळला तरच. शेजारीं पक्का परवाना असलेला, गाडी थांबवितां येईल अशा जागीं बसलेला मनुष्य हवा. पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल्’ अक्षर हवें. शिकाऊ परवाना हाही परवानाच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं म्हटलें आहे. परंतु अट मोडली असतां कंपनी जखमी मनुष्यास पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करूं शकते. एखाद्या कुटुंबाचा कर्ता पुरुष जायबंदी झाला तर ती रक्कम किती होईल याचा विचार करतां मला त्या रात्रीं नीट झोंप आली नाहीं. ज्यांस अद्याप अठरा वर्षें पुरीं झालेलीं नाहींत त्यांनीं गाडीची किल्ली मागूंच नये. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा मुलाच्या पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

आणखी एक. मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा जो सक्तीचा विमा असतो, ज्याची रक्कम २०१८ सालीं १५ लाख रुपये करण्यांत आली, तो मालकापुरताच. चाकाशीं बसलेल्या कन्येस त्याचा उपयोग नाहीं. म्हणून तिच्यासाठीं निराळा अपघाती विमा उतरविला. आमच्या घरीं शिकाऊ चालकाचा खरा खर्च काय तो एवढाच.

पाट्या तिनें स्वतः रंगविल्या. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, फूटपट्टीनें मोजून. तिच्या आईपाशीं परवाना नाहीं, त्यामुळें शेजारीं बसण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. रविवारीं पहांटे सहा वाजतां, रस्ते रिकामे असतांना, आम्ही निघतों.