हरवलेल्या जगाचे बीज

मुलांनो, माझे सारे आयुष्य शाळेत शिकवण्यात गेले. मुलांनी संगणकावर खेळत बसावे, हे मला कधीच रुचले नाही. तरीही अशाच एका खेळाने मला जे शिकवले, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

त्या खेळाचे नाव माईनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कुस पेरसन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला. त्यात डोंगर, नद्या आणि अरण्ये यांचे एक विस्तीर्ण जग असते. खेळणारा ठोकळ्यांवर ठोकळे रचून तेथे आपले घर उभारतो. नवलाची गोष्ट ही, की ते सारे जग एका आकड्यातून उगवते. त्या आकड्याला ‘सीड’, म्हणजेच बीज म्हणतात. आकडा तोच आणि खेळाची आवृत्तीही तीच असली, की तोच डोंगर आणि तीच नदी पुन्हा अवतरते. एक अंक बदलला, की जग निराळेच!

माझ्या नातीने या खेळात नदीकाठी एक घर बांधले होते. तिची आजी शेजारी बसून सूचना करी. “अगं, घरापुढे तुळशीवृंदावन नको का?” असे आजीने म्हणताच नातीने विटांचे वृंदावन रचले. त्या खेळात तुळस मिळत नाही. म्हणून तिने नेच्याचे रोपटे लावले. डोंगर आणि नदी यांसह त्या घराचे छायाचित्र आजीने हौसेने आपल्या फोनमध्ये काढून ठेवले.

पुढच्या वर्षी आजी गेली. काही महिन्यांनी संगणक बिघडला आणि त्यातले सारे पुसले गेले. नात रडली नाही. पण दोन दिवस ती धड जेवलीही नाही.

मग तिला आठवले, की तो आकडा आपण एका मैत्रिणीला लिहून दिला होता. मैत्रिणीने जुनी वही शोधून काढली. पण पावसाच्या पाण्याने शेवटचा अंक पुसून गेला होता. मी निराश झालो. नात मात्र म्हणाली, “आजोबा, दहाच तर अंक आहेत. एकेक लावून पाहू.”

मग तिने मला एक हकीकत सांगितली. या खेळाच्या आरंभकाळातील एका जगाचे लहानसे चित्र खेळाबरोबर येत असे. ते जग कोणत्या बीजाचे, याचा कोणालाच पत्ता नव्हता. काही हौशी मंडळींनी चित्रातील झाडे, धबधबा आणि जमिनीचे चढउतार बारकाईने अभ्यासले. अनेकांनी आपले घरचे संगणक या कामी लावले. न जुळणारे आकडे बाजूला सारत सारत २०२० च्या सप्टेंबरात त्यांनी ते बीज शोधून काढले!

आम्हीही आजीचे छायाचित्र समोर ठेवून बसलो. शून्य लावले, तर चहूकडे वाळवंट. एक लावला, तर अथांग समुद्र. सात लावताच नात ओरडली, “आजोबा, तोच डोंगर!” नदीचे वळणही तेच होते. ती खेळात धावतच काठावर पोहोचली. तेथे नुसते गवत होते. घर नव्हते आणि वृंदावनही नव्हते.

बराच वेळ पडद्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, “आजीने सांगितलेले बीजात कुठून असणार?”

खरेच होते ते. बीज डोंगर देते, नदी देते. माणसाने मायेने रचलेली वीट त्यात नसते. ती जपावी लागते, नाहीतर पुन्हा रचावी लागते.

“चल, विटा आण,” मी म्हणालो. छायाचित्र पाहून आम्ही घर उभारले. वृंदावन मात्र घराआड गेल्यामुळे छायाचित्रात दिसत नव्हते. “पायरीपासून चार ठोकळे, उजवीकडे,” मी सांगितले. नात चकित होऊन माझ्याकडे पाहू लागली. त्या दिवसांत वर्तमानपत्राआडून मीही त्या दोघींचा खेळ पाहत असे, हे मी तेव्हा प्रथमच कबूल केले.

आता तो आकडा आमच्या दोघांच्याही वहीत आहे. आणि त्या जगाची एक प्रत नात दर रविवारी निराळी ठेवते.