आत्याच्या डोक्यातली गाठ

ती. आत्यास सा. न.

दादाने तुझे रिपोर्ट पाठवले. चक्कर कानामुळे होती, ती गोळ्यांनी थांबली. पण तिच्या निमित्ताने केलेल्या एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. "गाठ आहे तर काढत का नाहीत?" हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते.

ही गाठ, मेनिंजिओमा, मेंदूची नव्हे, त्याच्यावरच्या आवरणाची. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि उतारवयात तर फारच. रॉटरडॅमला दोन हजार धडधाकट माणसांचे एमआरआय काढले होते. २००७ साली निष्कर्ष छापून आले: शंभरात जवळपास एकाला ही गाठ होती आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. अशा कितीतरी गाठी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. वाढणाऱ्याही बहुतेक वर्षाला एखाददोन मिलिमीटरने वाढतात, काही मध्येच थांबतात. तुझ्या सीटीत गाठ हाडासारखी पांढरीशुभ्र दिसते. तिच्यात कॅल्शियम साचलंय. अशा गाठी सहसा आळशी असतात. भोवती सूजही नाही. हीच गाठ चाळिशीतल्या बाईच्या डोक्यात, सुजेसकट दिसली असती, तर मी इतकी निवांत नसते.

आळशी म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र नाही. कवटीला ताणायला जागा नसते. डोळ्याच्या नसेजवळ वाटाण्याएवढी गाठही नजर घालवू शकते.

म्हणून लक्ष ठेवायचं. एक जुनं उदाहरण सांगते. अमेरिकेचे जनरल लिओनार्ड वुड यांना डाव्या अंगाला झटके येत. १९१० मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी त्यांची अशीच गाठ काढली. त्यानंतर वुड लष्करप्रमुख झाले, १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढले, मग फिलिपीन्सचे गव्हर्नर-जनरल. इकडे गाठ पुन्हा वाढत होती, डावा पाय ओढत चालावं लागत होतं. १९२७ मध्ये कुशिंगनीच पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर काही तासांतच वुड गेले. सतरा वर्षं! त्या काळी स्कॅन नव्हता. गाठ कुठवर आलीय हे पाय सांगे. आपल्याला ते आधी दिसतं. तेवढ्यासाठीच सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, मग वर्षाने. डॉक्टर टाळताहेत असं समजू नकोस. अडुसष्टाव्या वर्षी, काही त्रास नसताना कवटी उघडण्याचा धोका या गाठीपेक्षा मोठा आहे.

पुढचा एमआरआय शक्यतो त्याच सेंटरमध्ये कर आणि आत्ताची सीडी सोबत ने. नवा एमआरआय या पहिल्याशी ताडून बघायचाय. झटका आला, पायातलं बळ गेलं किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर मात्र तारखेची वाट बघू नकोस. आणि एक आठवून कळव: पूर्वी पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं बरीच वर्षं घेतली होतीस का? त्यातल्या काहींचा या गाठीशी संबंध आढळलाय. जुन्या फायली काकांच्या कपाटात असतील, दादाला शोधायला सांग.

तुझी,
मीनल