आबांची टोपी

आबांची टोपी घट्ट व्हायला लागली तेव्हा आम्ही खादीला दोष दिला. धुऊन आटली असेल. मग मी पुण्याहून एक नंबर मोठी नेली. दोन-तीन वर्षांत तीही कपाळावर वळ उठवायला लागली. आजी म्हणाली, "या वयात डोकं वाढतंय की काय तुमचं?" सगळे हसलो.

ते खरंच वाढत होतं.

कळलं ते योगायोगानं. ऑफरमध्ये मिळालेल्या हेल्थ चेकअपमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज तिप्पट निघालं. आधी यकृताचा संशय, पण बाकी रिपोर्ट नॉर्मल. हे एन्झाइम हाडांतूनही येतं. मग एक्स-रे, बोन स्कॅन. निदान: पॅजेट्स डिसीज. भारतात कमीच आढळणारा आजार.

हाड आयुष्यभर नव्यानं घडत असतं. काही पेशी जुनं हाड खणतात, दुसऱ्या ते भरतात. पॅजेट्समध्ये काही हाडांत खणणाऱ्या पेशी बेफाम होतात आणि भरणाऱ्या घाईघाईत कसंतरी बुजवतात. पुण्यातला कुठलाही रस्ता आठवा: खोदकाम, डांबर, पुन्हा खोदकाम. उंची वाढते, दणकटपणा नाही. आबांची डावी नडगी धनुष्यासारखी वाकली होती, हात लावला तर गरम लागायची. आम्ही त्याला 'वय' म्हणत होतो.

लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७७ साली या आजाराचं वर्णन छापलं. त्यांच्या रुग्णाची टोपी १८४४ साली आतून साडेबावीस इंच होती, १८७६ साली सव्वासत्तावीस. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मग झोप लागली नाही.

टोपीचं एक वेळ ठीक. पण कवटीतल्या पॅजेट्सनं ऐकूही कमी येऊ शकतं. गेली तीन वर्षं मी फोनवर "अहो आबा, किती वेळा सांगू?" म्हणून खेकसत होतो. हळूहळू त्यांनीच फोन आजीकडे द्यायला सुरुवात केली. मला ते सोयीचंच वाटलं होतं.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन एकदाच दिलं. दुसऱ्या दिवशी ताप आला, उतरला. काही महिन्यांत फॉस्फेटेज खाली आलं, नडगीचं दुखणं कमी झालं. वाकलेलं हाड सरळ होत नाही. गेलेलं ऐकणं परत येईल असं समजू नका, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

आता मी व्हिडिओ कॉल करतो, ओठ दिसतील असा. परवा आबांनी आजीची शिवणकामाची टेप डोक्याभोवती गुंडाळून कॅमेऱ्यासमोर धरली. आकडा सहा महिन्यांपूर्वीचाच होता.