स्कॅनर घेईना

सेनगावात ऑनलाइन कामांच्या दुकानात 'स्कॅनर घेईना' असं कुणी म्हटलं की पुढचा क्रम ठरलेला. वायर काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. मग कॉम्प्युटर बंद करून चालू. तोवर टीसी आणि सातबारा हातात धरून उभा असलेला माणूस विचारतोच, "उद्या येऊ का मग?"

वायरीवर संशय घेणं अगदीच चुकीचं नाही. बरेच चपटे स्कॅनर वीजही यूएसबीतूनच घेतात. यूएसबी २ च्या पोर्टातून फार तर ५०० मिलिअँपिअर मिळतात. एका हबवर चार यंत्रं टांगली की स्कॅनर उपाशी राहतो. म्हणून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात लावून बघावं. पण माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, आणि तिथं खरी गंमत वायरीच्या पुढं सुरू होते.

लिनक्सवर 'सापडत नाही' याचे तीन वेगळे अर्थ निघतात. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की जोडलेल्या यंत्रांची यादी येते. प्रत्येकापुढं बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा असे दोन आकडे. त्यात स्कॅनर नसेल तर वायर, पोर्ट नाहीतर वीज बघा. असेल, तर तो पोचलाय; आता त्याची भाषा जाणणारा कुणी आहे का, हा प्रश्न. ते काम 'सेन' या प्रकल्पाचं. १९९६ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरच्या हौशी माणसांनी एकेका स्कॅनरसाठी दुभाष्या लिहिला. कंपनीनं माहिती दिली नाही तिथं त्यांनी यूएसबीवरून जाणारे संदेश चोरून ऐकून त्याची बोली शिकून घेतली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले स्कॅनर आजही चालतात ते या लोकांमुळं. मला हे नव्या यंत्राच्या खरेदीपेक्षा मोठं वाटतं.

तिसरा अर्थ मात्र खास आपल्याकडचा वाटतो. 'स्कॅनइमेज -एल' म्हटलं तर उत्तर येतं, स्कॅनर नाही. तीच आज्ञा 'सुडो' लावून, म्हणजे साहेबाच्या अधिकारात दिली, की स्कॅनर हजर! वस्तू तीच, वायर तीच. फक्त विचारणारा बदलला. यंत्र जोडताना 'युडेव्ह' नावाची व्यवस्था नियम बघून ठरवते की त्याला कुणी हात लावायचा. नियमात या मॉडेलचा आकडा नसला की ते साहेबाच्याच ताब्यात राहतं. मग नियमाची ओळ घालायची, स्कॅनर काढून परत लावायचा. 'स्कॅनर' गटात आपलं नाव घातलं असेल तर लॉगआउट करून पुन्हा आत यायचं, तोवर तो हुकूम लागू होत नाही. दर वेळी सुडो लावून काम भागवणारेही आहेत. मला ते पटत नाही. साध्या कारकुनाच्या कामाला रोज साहेबाची सही कशाला?

वस्तू असूनही ती 'सापडत नाही', हे तहसीलच्या गावात राहणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. कागद अभिलेखांच्या खोल्यांत कित्येक वर्षं पडूनच होते. पण मोडी आणि उर्दू वाचणारे हात मोजकेच. शोध सुरू झाला तेव्हा नोंदी 'सापडू' लागल्या.

स्कॅन झालं म्हणजेही काम संपलं नाही. मोडीचं पान तीनशे डीपीआयला कितीही स्वच्छ उतरवा, कॉम्प्युटरला तो नुसता फोटो. त्यात आजोबांचं नाव टाइप करून शोधायला गेलं तर काही निघत नाही. वर फाइलला 'स्कॅन ०००१' असं नाव पडलेलं. म्हणून जुन्या पानांचं काम आलं, की स्कॅनर सुरू होऊनही मी लगेच बटण दाबत नाही. पान कुणाकडून तरी वाचून घेतो आणि गावाचं नाव, वर्ष, खातेदाराचं नाव एवढं तरी फाइलच्या नावात घालतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.