आईचा लॅपटॉप, 48 आकडे आणि एकोणसत्तर

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा. ज्यांचे आईवडील भारतात आहेत आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरचं 'आयटी डिपार्टमेंट' आपणच आहोत, त्यांच्यासाठी ही पोस्ट. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठीच.

मागच्या महिन्यात आईचा लॅपटॉप अपडेट होऊन बंद झाला आणि परत उठेना. खरं तर तो लॅपटॉप बाबांचा. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी त्याच्यावर नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपले आपण बसून करायचे. त्यांतल्या चार-पाच त्यांनी आम्हाला पाठवल्या, बाकीच्या 'एकदम देईन' म्हणून तिथेच राहिल्या. दुसरी प्रत कुठेही नाही.

आईने आधी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळपर्यंत देतो करून." मुलगा वाईट नाही. दिवसाला दहा लॅपटॉप बघणाऱ्याला फॉरमॅट हाच सगळ्यात जवळचा रस्ता असतो. पण तुमच्या आईवडिलांना आजच एक गोष्ट सांगून ठेवा: 'फॉरमॅट' हा शब्द कुणी उच्चारला की लॅपटॉप पिशवीत घालायचा, घरी आणायचा आणि आपल्याला फोन करायचा. आईने नेमकं तेच केलं. इकडे सकाळचे साडेसात, तिकडे दुपारचे बारा.

आता 'सुरू होत नाही' याचा अर्थ फोनवर कधीच कळत नाही. आपण 'काय दिसतंय?' विचारतो आणि उत्तर येतं, 'काही नाही गं, नुसतं तसंच'. म्हणून मी प्रश्नच वेगळे विचारते. दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? कंपनीचं चित्र येतं का? दिवाच लागत नसेल तर अपडेटचा संबंध नाही, आधी चार्जर आणि प्लग बघा. दिवा आहे पण स्क्रीन काळी असेल, तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, माऊस सगळं काढून पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं आणि पुन्हा सुरू करायचं. टिंब गोल गोल फिरतायत आणि खाली टक्केवारी दिसतेय, तर मात्र हात लावायचा नाही. जुन्या हार्ड डिस्कवर अपडेटला दोन-दोन तास लागतात, आणि आपल्या आया पंधराव्या मिनिटाला 'अडकलंय वाटतं' म्हणून बटण दाबतात.

आईच्या स्क्रीनवर यातलं काहीच नव्हतं. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत 'रिकव्हरी की टाका' आणि खाली रिकामे चौकोन.

हे दिसलं तर घाबरू नका. मशीन बिघडलेलं नाही, कुलूप लागलंय. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन केलं की विंडोज गुपचूप सगळी डिस्क कुलूपबंद करून टाकतं. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. रोज ते उघडण्याचं काम लॅपटॉपमधली टीपीएम नावाची चिप करते, आपल्याला पत्ताही लागत नाही. ही चिप म्हणजे सोसायटीचा जुना वॉचमन. रोजचा चेहरा दिसला की गेट उघडतो. एखाद्या अपडेटबरोबर मशीनच्या मुळातलं, म्हणजे बायोसचं काही बदललं की वॉचमनला चेहरा अनोळखी वाटतो आणि तो म्हणतो, ओळखपत्र दाखवा. ते ओळखपत्र म्हणजे 48 आकड्यांची की.

ती नसेल तर काय? तर काहीच नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आत नुसता गोंधळ दिसतो. नवी की मायक्रोसॉफ्टसुद्धा बनवून देऊ शकत नाही. फॉरमॅट केलं की लॅपटॉप नव्यासारखा चालतो आणि आतलं सगळं जातं.

की सहसा ज्या खात्यातून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात आपोआप ठेवलेली असते. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्या खात्यात शिरायचं, 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन रिकव्हरी की बघायची. एकापेक्षा जास्त कीज दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवायची. खातं बाबांचं होतं, पासवर्ड त्यांच्या डायरीत होता, आईने तो वाचून दाखवला. पण परदेशातून कुणीतरी शिरतंय म्हटल्यावर खात्याने हटकलं: मोबाइलवर कोड पाठवतो, तो टाका. मोबाइल कुणाचा? बाबांचा.

इथे मी दोन क्षण गप्प बसले. गेलेल्या माणसाचा नंबर दीड वर्षं कोण चालू ठेवतं? नातेवाईक आईला कितीदा म्हणाले होते, कशाला उगीच रिचार्ज करतेस, बंद करून टाक. ती कुणाशी वाद घालत नाही, आणि ऐकतही नाही. ती म्हणाली, "थांब, आणते," आणि बाबांचा बटणांचा जुना फोन घेऊन आली. चार्ज केलेला.

कोड आला. आता गंमत बघा. मी माझ्या लॅपटॉपवर, आमची अकरा वर्षांची लेक कागद-पेन घेऊन शेजारी, आणि आईचा स्मार्टफोन तिकडे डब्याला टेकवून निळ्या पडद्याकडे तोंड करून ठेवलेला. आई कोड वाचायला लागली. आई गणिताची शिक्षिका होती. तिने आपल्या पद्धतीने जोड्या पाडून वाचलं, "चौऱ्याऐंशी, एकोणसत्तर, सव्वीस."

लेकीने पेन वर केलं. "आजी, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?"

तुमच्या घरी हे झालंय का, सांगा. मुलाला 'सत्तर' ऐकू येतं, मग तो सातच लिहिणार. एकोण म्हणजे 'एक कमी' हे आपल्याला कुणी शिकवलेलंही आठवत नाही. त्यात आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. 'पंचवीस'मध्ये पाच आधी. इंग्रजीत शाळा शिकणाऱ्या मुलाला हे सगळं उलटं. आणि एकोणऐंशी, एकोणनव्वद असा नियम लक्षात आला म्हणेपर्यंत 'नव्याण्णव' येतो आणि नियम मोडतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, आणि जुनी पद्धतही पुस्तकात आहेच. आई तेव्हा त्या बदलाच्या विरोधात होती, तावातावाने. मला तेव्हा काहीच मत नव्हतं. आता आहे: परदेशात वाढणाऱ्या मुलांना 'साठ नऊ' आधी द्यावं, 'एकोणसत्तर' मागून येऊ द्यावं. पण येऊ द्यावं जरूर.

या चर्चेत पहिल्या कोडची मुदत संपली. दुसरा मागवला. या वेळी ठरलं, एकेक आकडा.

मग उलटी बाजू. की माझ्या स्क्रीनवर, लेक वाचणार, आजी तिकडे टाइप करणार. तुम्ही म्हणाल, व्हॉट्सॲपवर फोटो का नाही पाठवला? कारण तिकडे स्मार्टफोन एकच, आणि तोच आमचा डोळा. शिवाय घराची किल्ली चाळीस जणांच्या फॅमिली ग्रुपवर टाकतो का आपण? चुकून तिथेच जाते.

48 आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. पहिले तीन गट झाले. चौथ्याला पडदा अडून बसला. पुन्हा तेच, पुन्हा अडला. आई म्हणाली, "बाळा, सात म्हणालीस की आठ?" फोनवर हे दोन आकडे जुळ्या भावांसारखे ऐकू येतात. मग सात म्हणजे 'सात-सेव्हन' असं ठरलं आणि गट चालला.

पडद्याला चूक कशी कळली, हे लेकीला हवं होतं. मला हे माहीत होतं, आणि सांगायला मजा आली. या कीमधल्या सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला 11 ने निःशेष भाग जातो. गट तसाच बनवलेला असतो. भाग गेला नाही की काहीतरी चुकलं. 11 ची कसोटी आपण सहावी-सातवीत शिकलो: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या, फरक 0 किंवा 11 च्या पटीत यायला हवा. उदाहरणादाखल 583979 घ्या (आमची की नव्हे, निश्चिंत राहा). 5, 3 आणि 7 मिळून 15. 8, 9 आणि 9 मिळून 26. फरक 11, म्हणजे बरोबर. सातच्या जागी आठ टाका, फरक 10 येतो, लगेच पकडलं जातं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरीही.

हे ऐकल्यावर आई टाइप करायची थांबली आणि तिने पाचव्या गटाची बेरीज तोंडी सुरू केली. लेकीने इकडे कागदावर. पुढचे चार गट आजी-नातीने आधी तपासले, मग टाकले. मी चहा करून आणला. गरज होती का? नव्हती, तपासायला पडदा समर्थ होता. पण मी मध्ये बोलले नाही.

आठवा गट, एंटर. टिंब फिरली आणि बाबांनी लावलेला घाटातल्या धुक्याचा फोटो आला.

तुमच्याकडे की टाकूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर पुढचं असं. कंपनीचं चित्र येताक्षणी पॉवर दाबून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तिथे दोन पर्याय असतात: 'क्वालिटी' म्हणजे महिन्याचं छोटं अपडेट, 'फीचर' म्हणजे मोठं. जे नुकतंच झालं ते काढायचं. फोटो, फाइली जात नाहीत. 'रिसेट धिस पीसी' शेवटी, अगदी शेवटी. त्यातही 'कीप माय फाइल्स' वाचून दोनदा खात्री करूनच, आणि ते आईवडिलांना एकट्याने करायला सांगू नका. मधेच पुन्हा की मागितली तर वैतागू नका, मागते.

पडद्यावर 'या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो भामटा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर नसतो. ही ओळ आईवडिलांना तोंडपाठ करून घ्या.

आणि हे फक्त आपल्या साध्या घरांत होतं असं समजू नका. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी पडली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यातल्या असंख्य मशीनपाशी माणसाने स्वतः जाऊन हीच 48 आकड्यांची की टाकावी लागली. मोठमोठ्या कंपन्यांची माणसंही आपल्या आईसारखीच चौकोनासमोर बसली होती.

पुढच्या भारतवारीत बॅगा उघडायच्या आधी नाही, पण दुसऱ्या दिवशी तरी एवढं कराच. लॅपटॉप कुणाच्या खात्यावर आहे ते बघा. रिकव्हरी की कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासबुकांच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. खात्याला दुसरा नंबर जोडा, तुमचा किंवा भावाचा. बाबांच्या खात्याला आता माझा नंबर जोडलाय. आईला म्हटलं, आता तो रिचार्ज नाही केला तरी चालेल. ती "बघू" म्हणाली. त्यावर मी काही बोलले नाही.

त्या दिवशी लॅपटॉप उघडल्यावर लेकीने आजीला गोष्टींचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायला शिकवलं. राइट क्लिकला ती 'उजवी टिचकी' म्हणते, हे कुठून आणलं माहीत नाही, पण आजीला लगेच कळलं. 38 फाइली निघाल्या. कॉपी झाल्या की नाही हे बघायला आईने एक उघडली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला, मग बाबा कुणाला तरी विचारतायत, "चालू झालं का गं हे?" आणि मागून, स्वयंपाकघरातून, आईचाच आवाज: "मला काय माहीत!"