आमचा संघ हरवला आहे

२०१३ साली भाच्याला घेऊन मी कर्जतहून हॉकी पाहायला निघालो. लोकलचे दोन तास, मग चर्चगेटजवळचे महिंद्र स्टेडियम. संघ आपला, 'मुंबई मॅजिशियन्स'! या जादूगारांनी आधी काय नाहीसे केले असेल, तर आपलाच विजय. त्या वर्षी पाच संघांत मुंबई पाचवी आली.

पण हार मला झोंबली नाही. भाच्याने विचारले, "मामा, यात आपल्याकडचा कोण?" आणि मला चटकन एकही नाव सांगता येईना. मुंबईचा युवराज वाल्मीकी त्या मोसमात दिल्लीकडून खेळत होता!

आमच्या खालापूरच्या गावांत कबड्डी असली, की मध्यरात्रीपर्यंत माणूस हलत नाही. हरणाऱ्यालाही तिथे कुणी सोडत नाही. तो कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जावई असतो.

पुढे २०१५ त 'दबंग मुंबई' आली, २०१७ त अंतिम सामन्यात कलिंगाकडून हरली. मग लीगच थांबली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबईचा संघच नव्हता. कर्जतच्या फलाटावर कुणी हळहळलेही नाही.

उद्या संघ आलाच, तर चालकांनी फलक मागाहून लावावेत. आधी चार खेळाडू आमच्या लोकलमध्ये बसवावेत, शाळेच्या मैदानावर पोरांना खेळवावे, त्यांतला एखादा पुढे संघात घ्यावा. मग हरलात तरी आम्ही येऊ.

भाचा आता नोकरीला लागला. त्याची हॉकी स्टिक माळ्यावर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ती हाती येते. टाकवत मात्र नाही.