मुका कळफलक

शब्दाचा अर्थ कळला की वस्तू कळली, अशी आम्हां कलाशाखेच्या पदवीधरांची एक लाडकी समजूत असते. आमची ती समजूत गेल्या श्रावणात परसवाड्यातील आमच्या शाळेच्या संगणकाने उतरविली. तिचे मोल मात्र नववीतल्या एका मुलाला द्यावे लागले. म्हणून ही कबुली.

त्याचे असे झाले. मुलांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात, तेव्हा ती वाटच बंद करावी, असे आमच्या मनाने घेतले. संगणक सुरू होताना 'डिलीट'ची कळ दाबली की मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम वस्तीला असलेल्या प्रोग्रामची पाने उघडतात. त्याला बायॉस म्हणत. नव्या यंत्रांत ते काम यूईएफआय करतो. मुख्याध्यापक येण्यापूर्वी दारे उघडून, कोण हजर आणि कोण गैरहजर हे पाहून ठेवणारा तो शाळेचा शिपाईच म्हणा ना! त्या पानांवर 'लेगसी यूएसबी सपोर्ट' अशी एक ओळ दिसली. लेगसी म्हणजे वारसा. वारसा म्हणजे जुनेपुराणे. जुनेपुराणे म्हणजे अडगळ! आम्ही तेथे 'डिसेबल्ड' निवडले आणि हात झटकले. विंडोज सुरू झाल्यावर पेनड्राइव्ह पूर्वीसारखेच चालू लागले. काही साधले नाही तसे काही बिघडलेही नाही, असे मानून आम्ही ती गोष्ट विसरून गेलो.

महिन्याभराने एके सकाळी पडद्यावर सूचना उमटली : प्रोसेसरच्या पंख्यात दोष आहे, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. आम्ही एफ-१ दाबले. यंत्र ढिम्म! दहा वेळा दाबले, तरी तेच. आदल्या दिवशी तेथे शेवटी बसलेल्या मुलास आम्ही वर्गात उभे केले. ''कळफलक आपटलास ना?'' ''नाही, गुरुजी,'' एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला संगणकाच्या खोलीत येण्यास मनाई केली.

तिसऱ्या दिवशी तो दाराशी येऊन उभा राहिला. ''गुरुजी, तो कळफलक शेजारच्या यंत्राला लावून पाहू या का?'' लावला. अक्षरे भराभर उमटू लागली. कळफलक धडधाकट होता, मुलगा निर्दोष होता, आणि आम्हांस ती श्रावणातली ओळ आठवली.

मग आम्ही त्या शब्दामागची वस्तू शोधू लागलो. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर कळफलकासाठी एक लहानसे गोल सॉकेट आले, आणि बायॉसला त्या जातीच्या कळफलकाची भाषा अंगवळणी पडली. पुढे १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती घडविणाऱ्या इंटेलच्या मंडळींत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट अग्रणी होते. ही नवी भाषा जुन्या प्रोग्रामांना येईना. तेव्हा बायॉसने दुभाष्याचे काम पत्करले. यूएसबीचा कळफलक जे बोलतो ते जुन्या कळफलकाच्या बोलीत सांगायचे, आणि विंडोज आपला ड्रायव्हर घेऊन आली की कारभार तिच्या हाती सोपवून बाजूला व्हायचे. आम्ही या दुभाष्यालाच रजा दिली होती! म्हणून विंडोजमध्ये सारे सुरळीत चाले. तिच्या येण्यापूर्वी मात्र कळफलक मुका होई. आम्ही घरी कोकणी बोलतो, बाजारात हिंदी, वर्गात मराठी. समोरच्या बाकांवर पोवारी आणि गोंडी बोलणारी मुले बसतात. दुभाष्याचे मोल आम्ही तरी ओळखायला हवे होते!

आता पंचाईत अशी, की चूक सुधारण्यासाठी बायॉसमध्ये शिरावे, तर त्यासाठी कळफलक हवा. अखेर अडगळीच्या कपाटातून गोल पिनेचा एक जुना कळफलक निघाला. यंत्र बंद करून तो जोडला, पुन्हा सुरू केले, आणि 'डिलीट' दाबताच पाने उघडली. ज्याला आम्ही अडगळ म्हटले त्यानेच आमची सुटका केली. 'लेगसी यूएसबी सपोर्ट' पुन्हा 'एनेबल्ड' झाला, आणि एफ-१० दाबून बदल जतन केला. तो कळफलक नसता, तर विजेची तार काढून मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवावी लागली असती. तशाने आमच्यासारख्या जुन्या यंत्रांतील निवडी मूळपदावर येतात. पंख्याचा दोष म्हणजे केवळ साचलेली धूळ होती. ती त्या मुलानेच कुंचल्याने हलकेच झाडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर उभे राहून सांगितले, ''चूक आमची होती. आरोप खोटा होता.'' मुलगा मान खाली घालून हसला. वर्ग मात्र इतका शांत झाला, की तशी शांतता आमच्या रागावण्यानेही कधी लाभली नव्हती.

आता संगणकाच्या खोलीत एक वही टांगली आहे. बायॉसमध्ये एका वेळी एकच बदल करावा, आणि पूर्वी काय होते ते तारखेसह लिहावे, असा नियम आहे. पहिल्या पानावर आमचीच चूक आमच्या अक्षरात आहे, आणि वही सांभाळण्याचे काम त्या मुलाकडे आहे. यंत्रातली निवड बदलून मागे घेता येते. वर्गात उच्चारलेला आरोप तितक्या सहज मागे घेता येत नाही. म्हणून, बालमित्रांनो, कोणाला दोषी ठरविण्यापूर्वी त्याचा कळफलक एकदा शेजारच्या यंत्राला लावून पाहावा, हे बरे!